बडोद्यात अडीच दिवस, दोन पोरं

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला उतरतोय आणि लगेच दुसऱ्या दिवशी गाडीने बडोद्याला, नवऱ्याच्या आत्यांकडे. शनिवार, रविवार आणि सोमवारी दुपारपर्यंत मुक्काम. मी पुण्याची, बडोदं कधी पाहिलेलं नाही. थोरला साडेतीन वर्षांचा, धाकटी पावणेदोनची.

सध्याचा बेत असा: शनिवारी लक्ष्मी विलास राजवाडा, तांबेकर वाडा, सूरसागर तलाव. रविवारी केवडियाला सरदारांचा पुतळा. सोमवारी कमाटीबाग. नवरा म्हणतो सगळं आरामात होतंय. आत्या म्हणतात, "या तर खरं." बाबागाडी न्यावी का, तेही सांगा.

– दोघांची आई, टोरांटो

*

ताई, नवऱ्याचं ऐकू नका.

मी दांडिया बाजारात वाढले आणि माझी दोन्ही पोरं त्या वयात तिथे फिरवून आणली आहेत. टोरांटो आणि बडोद्यात साडेदहा तासांचा फरक. पोरं पहाटे तीनला टक्क जागी होणार आणि दुपारी भर जेवणात मान टाकणार. त्याच्याशी भांडू नका, बेतच त्याप्रमाणे करा. उजाडलं की तडक कमाटीबाग. सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये केलेली ही बाग 113 एकरांची आहे. सकाळी कानटोप्या घालून निम्मं गाव तिथे चालायला येतं, तुमच्या पोरांचा आरडाओरडा कुणाला ऐकूही येणार नाही. दाराबाहेर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, तो आमचा काळा घोडा. मधून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात खरोखरच्या मगरी आहेत. थंडीत काठावर ऊन खात पडतात. दिसल्या तर पुलावरूनच बघायच्या, लेकीला कडेवर घट्ट धरून.

बागेतलंच म्युझियम मात्र चुकवू नका. मोठी माणसं ममी बघायला जातात, पण पोरांसाठी तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. माझा लेक त्याच्याखाली उताणा झोपला आणि फासळ्या मोजायला लागला. त्याला सातपर्यंतच येत होतं, म्हणून सात झाल्या की पुन्हा एकपासून. पाऊण तास! म्युझियम सकाळी लवकर उघडत नाही, त्यामुळे आधी बाग, खाणं, मग मासा.

राजवाडा मला स्वतःला फार आवडतो, पण त्या वयाच्या पोरांना तिथे काय? "हात लावू नको" म्हणत तासभर काढायचा. आमच्या धाकटीने ऑडिओ गाइडचं यंत्र सगळा वेळ चोखलं. अगदी जायचंच असेल तर दोघांपैकी एकाने जा. आवारातल्या फतेहसिंग म्युझियममध्ये रविवर्म्याची चित्रं आहेत. पूर्वी ती राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती, बाहेर त्यांच्या चिमुकल्या आगगाडीचं इंजिन ठेवलंय. थोरल्याला ते दाखवा, तो खूश. दोन्ही सोमवारी बंद असतात.

तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघण्यासारखी आहेत, पण जिने जुन्या वाड्याचे, अरुंद आणि उभे. पोरं आत्यांकडे झोपली तरच.

खाण्याचं म्हणाल तर शेव-उसळीतली तरी तुम्हाला, शेव आणि पाव पोरांना. बाकी आत्यांची खिचडी-कढी. बाबागाडी नका नेऊ. जुन्या शहरात मांडवीकडच्या गर्दीत ती तुम्हालाच उचलून चालावं लागेल.

– दांडिया बाजारची

*

केवडिया का गाळायचं? 182 मीटर उंच, जगातला सगळ्यात उंच पुतळा! एवढं समुद्र ओलांडून जायचं आणि तो न बघता यायचं? रस्ताही आता चांगला आहे.

– काका, ब्रॅम्प्टन

*

काका, रस्ता चांगलाच आहे, पण जाऊन-येऊन जवळपास 180 किलोमीटर. त्यातून टॅक्सीत कार सीट मिळत नाही, धाकटी मांडीवर. पावणेदोन वर्षांच्या बाळाला 182 मीटर आणि काळा घोडा सारखेच. उलट घोड्याला शेपूट आहे.

– दांडिया बाजारची

*

मी हल्ली बडोद्यातच असते, म्हणून एक आठवण करून देते. 14-15 ला उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत आहे, आणि पतंग आठवडाभर आधीच सुरू होतात. आतेभाऊ लाडाने पोरांना स्कूटरवर पुढे उभं करून चक्कर मारायला नेईल. नाही म्हणा. मांजा नेमका गळ्याच्या उंचीवर येतो. त्यासाठीच लोक स्कूटरच्या हँडलला वाकवलेली सळई लावून फिरतात. गच्चीवर न्या, पण पोरांच्या हातात फक्त फिरकी, आणि तीसुद्धा कुणी उडवत नसताना.

– अलकापुरीतून

*

मंडळी, परत आलो.

केवडिया गाळलं, काका माफ करा. दोन्ही सकाळी कमाटीबाग झाली. मगर एकच दिसली, आणि थोरला ती प्लास्टिकची आहे म्हणून अडून बसला, तोंड उघडेपर्यंत. देवमाशाखाली फासळ्या मोजल्या नाहीत, त्याला फक्त मासा "शी" कुठून करायचा एवढं हवं होतं. बराच वेळ शोधलं. राजवाडा नवऱ्याने एकट्याने पाहिला आणि आल्यावर आत्यांच्या दिवाणावर पोरांच्या आधी घोरायला लागला.

बाबागाडी मी ऐकलं नाही, नेलीच. पहिल्या दिवशी जिन्याखाली ठेवली ती तिथेच. आता ती आत्यांच्या जिन्याखाली भाजीच्या पिशव्यांसकट उभी आहे. मार्चपर्यंत बडोद्याहून कुणी टोरांटोला येणार असेल तर आणाल का? घडी होते, वजन सहा किलो. डाव्या चाकात मांजा गुंतलाय, तो काढून घ्या.

– दोघांची आई