पारा ८ वर आला म्हणून शाळा बंद? अहो, हे नागपूर आहे

कोराडीवाले आजोबा
काल कुणीतरी इथे लिहिलं, "दिल्लीत थंडी पडली की शाळा बंद, अमेरिकेत बर्फ पडला की शाळा बंद, मग नागपुरात ८ अंशांवर कलेक्टर झोपलेत का?" दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण खालची वाहवा वाचून डोकं फिरलं.

आपली थंडी आहे किती वेळाची? पहाटेपासून फार तर ९ पर्यंत. हवा कोरडी, आभाळ मोकळं, समुद्र शेकडो कोस लांब; जमीन रात्रीत गार होते आणि ऊन आलं की तेवढ्याच झपाट्याने तापते. ११ वाजता हीच पोट्टी स्वेटर कमरेला बांधून क्रिकेट खेळतात. त्या दोन-तीन तासांसाठी अख्खा दिवस बुडवायचा? २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडून शहरात पाणी शिरलं तेव्हा सुट्टी दिली, ती बरोबरच होती. आधीच आपल्या विदर्भाच्या शाळा उन्हामुळे जूनमध्ये उशिरा उघडतात. आता थंडीचीही द्या, मग शिकवायचं कधी?

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ नोंदला गेला, आजवरचा नीचांक. त्या दिवशीही मी सकाळी ६ ला फुटाळ्याला चक्कर मारून आलो. काही झालं नाही.

बेसा_आई
काका, तुम्ही कानटोपी, मफलर घालून हौसेने गेलात आणि घरी येऊन आल्याचा चहा घेतलात. माझी मुलगी दुसरीत आहे. ५:२० ला उठते, ६:१० ला व्हॅन. व्हॅनला एका बाजूला काचच नाही, ताडपत्री आहे. ८ अंशांत ४० च्या वेगाने वारा लागला की अंगाला तो ३-४ सारखाच वाटतो.

आणि तुमचा तो २९ डिसेंबर शनिवार होता. म्हणजे सकाळची शाळा. माझा मोठा तेव्हा पहिलीत होता, बोटं वळेनात, पेन्सिल धरता येईना म्हणून रडत घरी आला. तुमच्या "काही झालं नाही"मध्ये तो मोजलाच नाही तुम्ही.

सध्या न्यू जर्सी, मूळ महाल
अमेरिकेचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. इथे बर्फाची सुट्टी बहुतेक वेळा थंडीसाठी नसतेच. रस्ते साफ झालेले नसतात, स्कूल बस घसरते, म्हणून असते. निव्वळ थंडीसाठीही देतात, पण कधी? जानेवारी २०१९ मध्ये मिनियापोलिसला उणे ३३ झालं तेव्हा. त्या थंडीत उघडी कातडी काही मिनिटांत गोठते. अधिक ८ ला कातडी गोठत नाही हो. आणि बर्फाच्या दिवशी घरून शाळा हा उपायही न्यूयॉर्कने करून पाहिला. १३ फेब्रुवारी २०२४ ला कित्येक मुलांना लॉगिनच होईना.

तर्री जास्त
घ्या! हीटर लावून बसलेले भाऊ आम्हाले थंडी समजावून राह्यले. इकडे घराले हीटर नाही, वर्गाची खिडकी अर्धी तुटकी, फरशीवर सतरंजी. उणे ३३ चं कौतुक तिकडंच ठेवा.

सध्या न्यू जर्सी, मूळ महाल
मी महालात टिनाच्या छताखालच्या वर्गातच शिकलोय, भाऊ. पण खिडकीचा मुद्दा मान्य.

काटोलची जुनी बाई
३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, म्हणून बोलते. तुमच्यासाठी सुट्टी म्हणजे रजईत लोळणं. आमच्याकडे शाळा बंद म्हणजे खिचडी बंद. आईबाप कापूस वेचायला पहाटेच जातात, मग ही आठ वर्षांची पोरगी धाकट्याला घेऊन शेकोटीशी बसते. एका जानेवारीत अशाच सुट्टीच्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुलीच्या फ्रॉकचा घेर पेटला. वाचली, पण पायाचा डाग राहिला. तेव्हापासून "थंडी आहे, घरी ठेवा" कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आम्ही काय करायचो? पहिले दोन तास वर्गातच जायचं नाही. अंगणात उन्हाला पाठ करून पाढे.

बेसा_आई
बाई, तुमचं पटतं. पण मी कुठे म्हटलं पूर्ण बंद ठेवा? २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनेच आदेश काढला, चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका. आमच्या शाळेने पालकसभेत सांगितलं, बसच्या वेळा जमत नाहीत. विषय संपला.

तर्री जास्त
जमन कसं? एकच इमारत, सकाळून प्रायमरी, दुपारून हायस्कूल. व्हॅनवाला तीन शाळा करते. ९ ला भरवली तं दुपारचे पोट्टे कुठं बसवता? त्यात अधिवेशन सुरू झालं की अर्धे रस्ते बंद.

पण ते राहू द्या. स्वेटरचं कोणी काहून बोलत नाही? नेव्ही ब्लू, शाळेच्या लोगोवालाच पाहिजे, एकाच दुकानात भेटते, ८५० रुपये आणि आरपार दिसते! तिबेटियन बाजारातून पोराले चांगलं जाड काळं जॅकेट आणलं, तं गेटवर उतरवून घेतलं. ८ डिग्रीत!

शिस्त हवीच
गणवेश कशासाठी असतो? उद्या कुणी पाच हजाराचं जॅकेट घालून मिरवेल, गरिबाच्या मुलाने काय करायचं?

तर्री जास्त
गरिबाचंच पोट्टं आहे माह्यं, साहेब. त्यालेच कुडकुडवून समानता शिकवता काय?

बेसा_आई
माझ्या मुलीचा स्कार्फ काढायला लावला. कान झाकले की बाई शिकवतात ते ऐकू येत नाही म्हणे!

शिस्त हवीच
दोन उदाहरणांवरून सगळ्या शाळांना झोडपू नका. आतून थर्मल घाला ना. डोकं वापरलं तर मार्ग निघतो.

तर्री जास्त
डोकं वापरलं असतं, पण टोपीही काढून घेतली न बावा.

काटोलची जुनी बाई
मी गेटवर उभी राहत असे. कधी कुणाचं पांघरूण काढलं नाही. एक पोरगा आजीचं लुगडं दुहेरी गुंडाळून यायचा, त्याला पहिल्या रांगेत उन्हात बसवायची. शिस्त बिघडली नाही आमची.

शिस्त हवीच
ठीक आहे, डिसेंबर-जानेवारीपुरती सूट द्यावी. पण रंग तरी गडद असावा.

तर्री जास्त
काळ्याहून गडद कोणता असते, तो सांगा. घेऊन येतो.

कोराडीवाले आजोबा
मी सुट्टीवर लिहिलं होतं, तुम्ही स्वेटरवर उतरलात. असो. सुट्टी नकोच, यावर मी ठाम आहे. पण आत्ता नातवाला विचारलं. त्याचंही जॅकेट परवा काढून घेतलं म्हणे, घरी सांगितलं नाही कारण मी ओरडेन, "एवढ्या थंडीने काय होतं?" असं म्हणेन. तर बेसावाल्या ताई, तुमचं अर्धं मान्य. अर्धंच. उद्या त्याला काळं जॅकेट घालून मी स्वतः गेटवर सोडणार आहे, बघतो कोण काढतं.

बेसा_आई
काका, उद्या रविवार आहे.