ब्रेकची तक्रार ड्रायव्हर आधी सांगतच नाहीत, तुमच्याकडं काय करता?

चाकण_डिस्पॅच
नमस्कार मंडळी. चाकणला एका मध्यम ट्रान्सपोर्टमध्ये डिस्पॅच बघतो, पंधरा-सोळा गाड्या स्वतःच्या, बाकी बाजारातून उचलतो. गेल्या महिन्यात आमची एक दहा चाकी कोल्हापूरकडून कास्टिंग भरून येत होती, खंबाटकीचा बोगदा सोडल्यावर ते एस वळण आहे ना तिथं पलटी झाली. नशीब की मधे दुसरं कोणी आलं नाही. ड्रायव्हरचा पाय मोडला, माल सगळा रस्त्यावर. मालक म्हणाले डुलकी लागली असणार, विषय संपला.

पण मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला ब्रेक कराडपासूनच उशिरा लागत होता. मी म्हटलं मग फोन का नाही केला, तर म्हणे मागं एकानं केला होता, गाडी गॅरेजला लागली, तेवढ्या दिवसाचा भत्ता गेला, त्याची खेप दुसऱ्याला दिली आणि वर "तुलाच बरे ब्रेक कमी लागतात" हे पण ऐकून घेतलं. त्यानंतर कोण कशाला सांगेल.

आता ज्या कंपनीचा माल नेतो त्यांचं पत्र आलंय, सेफ्टी पॉलिसी द्या, ट्रेनिंगचे फोटो द्या, ड्रायव्हरच्या सह्या द्या. फोटो सह्या काय, दोन दिवसात देईन. पण मला खरंच पाहिजे की पोरांनी गाडीचा प्रॉब्लेम, झोप येतेय, थोडक्यात वाचलो वगैरे आधी सांगावं. कोणी असं काही चालू केलंय का आणि टिकलं का? लेक्चर नको प्लीज, ते यूट्यूबवर भरपूर आहे.

सोळा_चाकी
भाऊ मी आता गाडी चालवत नाही, गुडघे गेले, पण आयुष्य स्टेअरिंगवर गेलंय म्हणून लिहितो. एक विचारतो, तुमच्याकडं डिझेलचं ॲव्हरेज बांधून दिलंय का? म्हणजे इतक्या किलोमीटरला इतकं डिझेल, वाचलं तर तुझं आणि जास्त लागलं तर पगारातनं कट? असणारच. मग तुमचा ड्रायव्हर उतारावर न्यूट्रल मारणार, काहीजण तर चावीच बंद करतात. नवीन कात्रज बोगदा ते नवले पूल तो उतार बघा, २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ट्रक घुसला, पन्नासच्या आसपास गाड्या ठोकल्या, तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं की ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये परत तिथंच कंटेनर, आग लागली, आठ माणसं गेली. दर वेळी पेपरात छापून येतं ब्रेक फेल. ब्रेक फेल होतो तो त्या क्षणाला होत नाही हो, तो आधी कुठंतरी ऑफिसात कागदावर झालेला असतो.

आणि झोपेचं म्हणाल तर रात्री दोन ते पाच कोणाचाही बाप आला तरी डोळा लागतो. तंबाखू, चहा, खिडकी उघडी, मोठ्यानं गाणी, सगळं करून बघितलंय. गाडी बाजूला घेऊन तासभर आडवं होणं याला दुसरा इलाज नाही. पण तासभर जीपीएसवर गाडी थांबलेली दिसली की फोन येतो, "का थांबला, कुठं थांबला, डिझेल काढतोय काय". तो फोन कोण करतं? तुमच्यासारखा डिस्पॅचवालाच करतो ना. रागावू नका, पण तो फोन आधी बंद करा, पॉलिसी नंतर लिहा.

मिस्त्री_वाळूज
वरच्या काकांना पूर्ण अनुमोदन. न्यूट्रलचं जरा खुलासा करतो कारण ड्रायव्हर आणि मालक दोघांनाही वाटतं डिझेल वाचतं, आणि आताच्या गाडीत ते वाचतच नाही.

बीएस सहाच्या गाडीत (म्हणजे एप्रिल २०२० नंतरची) उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरनं पाय काढला की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल पार बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल टाकलं तर उलट इंजिन चालू ठेवायला आयडलिंगचं डिझेल जळतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जातं! कॉमन रेलच्या (डिझेल कॉम्प्युटरनं सोडतात त्या) जुन्या गाड्यांचंही तेच. हे एकदा मालकाला समोर बसवून सांगा, अर्धं काम होईल.

दुसरं हवेचं, ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा, काही वेळा पाय दाबला की प्रेशर खाली, बझर वाजायला लागतो, स्टेअरिंग पण दगड होतं. आणि इंजिन चालू असलं तरी न्यूट्रलमध्ये सगळं वजन एकट्या लायनरवर (ड्रमला घासणारं ब्रेकचं अस्तर) येतं. लायनर तापतो, ड्रम तापून फुगतो, मग ब्रेक चेंबरचा रॉड पूर्ण बाहेर येऊन पण लायनर ड्रमला नीट भिडत नाही. ड्रायव्हर म्हणतो ब्रेक उशिरा लागतोय. तुमच्या पोरानं कराडपासून जे सांगितलं ते अगदी हेच असू शकतं, किंवा स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधला गॅप जुळवतो तो) सुटलेला असेल, किंवा लायनरच संपले असतील. सपाटीला चालून जातं. खंबाटकीच्या उताराला भरलेली गाडी आली की मग कळतं.

गाडी आमच्याकडं येते तेव्हा मालकाचा फोन असतो "लायनर अजून एक खेप काढेल का बघ". मी काय सांगणार, काढेल पण आणि नाही पण. हवेच्या टाकीत साठलेलं पाणी रोज सोडायचं असतं, ज्या गाडीला एअर ड्रायर (हवेतला ओलावा काढणारा) धड नाही तिथं तर नक्कीच, ते दहात एक ड्रायव्हर करतो. सोप्यात सोपी गोष्ट, निघायच्या आधी हवा भरून इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा, काटा खाली येतोय का बघा आणि चाकाजवळ फुस्स आवाज येतोय का ऐका. याला पैसे लागत नाहीत.

गाडीमालक_इस्लामपूर
सगळे मालकावर घसरले म्हणून लिहितो. माझ्या स्वतःच्या थोड्याच गाड्या आहेत, पहिली मी स्वतः चालवली. गाडी उभी राहिली तर हप्ता थांबतो का? इन्शुरन्स, टॅक्स, टायर, टोल, सगळं वाढलं आणि भाडं तेच. दलाल म्हणतो या रेटला जातोस का, नाहीतर मागं लाईन लागलीय. त्यात वीस टनाचं भाडं देऊन पंचवीस टन टाका म्हणणारी पार्टी, नाही म्हटलं तर पुढचा उभाच असतो.

आणि ड्रायव्हर सगळे हरिश्चंद्र नसतात हे पण लिहा. स्पीड लिमिटर ८० ला असतो, तो कोण काढून घेतो? मी तर सांगत नाही काढायला. भत्ता चालू ठेवला तर रोज एकाला ब्रेकची तक्रार येईल, गावाकडं जत्रा असली की हमखास.

सेफ्टीवाली
मी एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, म्हणजे ज्या बाजूनं ते पत्र येतं त्या बाजूची. इस्लामपूरच्या दादांचं निम्मं पटतं, निम्मं नाही.

जे पटतं ते आधी. आमच्या गेटवर गाडी सकाळी लागते आणि रात्री खाली होते, मधे ड्रायव्हरला बसायला सावली नाही, संडास आहे पण तो स्टाफसाठी. मग रात्री अकराला बाहेर काढतात आणि सांगतात सकाळी सातला पुढच्या प्लांटला लाग. हा ड्रायव्हर दिवसभर जागाच होता ना? त्याच्या दिवसाचे तास कोणी धरतच नाही कारण तो "चालवत" नव्हता. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात (आता तो नवीन लेबर कोडात गेलाय) दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला फार तर १० आणि ५४, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी आजपर्यंत एकाही ट्रान्सपोर्टरकडं त्याचं रजिस्टर खरं भरलेलं बघितलेलं नाही. सगळ्यांचे सगळे दिवस बरोबर आठ तास, एकाच पेनानं.

आमच्या गेटवर सेफ्टी शूज कंपल्सरी, तर बाहेरच्या टपरीवर बूट भाड्यानं मिळतात. साईज जुळो न जुळो, घालून आत, बाहेर आला की परत. आम्ही टिक मारतो, तो पैसे देतो, सेफ्टी झाली.

ओव्हरलोडचं मात्र दादा "पार्टी म्हणते" यावर सोडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ पासून दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, आणि तो चालवणाऱ्यालाच नाही, चालवायला लावणाऱ्याला पण लागू आहे. २०१८ मध्ये दहा चाकीचं पासिंग (गाडीसकट मंजूर वजन) २५ वरून साडेअठ्ठावीस टन केलं, तरी लोक त्याच्यावर टाकतातच.

आणि एक गोष्ट कोणी बोललंच नाही. सगळे घाटाचं बोलताय, पण आमच्याकडं जेवढे अपघात मी बघितले त्यातले बरेच गाडी उभी असताना झालेत. ताडपत्री बांधायला मालावर चढला आणि दोरी तुटून खाली आला. फाळका उघडला आणि टेकून उभा असलेला माल अंगावर. गाडी रिव्हर्स घेताना डॉक आणि गाडीच्या मधे माणूस. पूर्वी क्लिनर असायचा, मागं जाऊन "येऊ दे, येऊ दे" करायचा, तो पण धोक्यातच उभा असायचा खरं तर. आता खर्च वाचवायला क्लिनरच काढलेत, ड्रायव्हर एकटा, डावीकडचं त्याला काही दिसत नाही. म्हणून पोरांकडून तक्रारीचा फॉर्म भरून घ्याल तर त्यावर फक्त रस्त्यावरचं विचारू नका, यार्डातलं पण विचारा.

उरणकर
मूळ प्रश्नाला धरून नाही पण त्या ड्रायव्हरचं पुढं काय झालं? माझे वडील जेएनपीटीचे कंटेनर ओढायचे, म्हणून विचारतोय.

"डुलकी लागली" असं मालक म्हणाला म्हणून भरपाई बुडत नाही हे त्याला सांगा. कामावर असताना अपघात झाला तर कामगार भरपाईच्या कायद्यात ड्रायव्हरची चूक होती का नाही हा मुद्दाच नसतो. दारू प्यायला होता किंवा मुद्दाम सेफ्टीचं काही काढून टाकलं असं असेल तर गोष्ट वेगळी. दवाखान्याचा खर्च आणि बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के मिळायला पाहिजेत. गाडीच्या इन्शुरन्समध्ये ड्रायव्हरची ही जबाबदारी कव्हर असते, म्हणजे मालकाच्या खिशातनं जाणार पण नाही, फक्त त्यानं कागद करायचे असतात. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा. अडचण एकच, हा माणूस तुमच्याकडं कामाला होता याचा कागद पाहिजे. रोखीत पगार आणि रजिस्टरला नाव नाही तर मग व्हॉट्सॲपवरचे ट्रिपचे मेसेज, फास्टॅग, बिल्टीवरचं (माल पाठवल्याची पावती) नाव, असलं सगळं जमवत बसावं लागतं. आम्ही बसलो होतो.

बाकी अपघातानंतर ड्रायव्हर पळून जातात त्याची शिक्षा वाढवली म्हणून जानेवारी २०२४ मध्ये देशभर संप झाला, पंपावर रांगा लागल्या, आठवत असेल. भारतीय न्याय संहितेतलं ते कलम १०६ चं दुसरं पोटकलम सरकारनं लागू करायचं थांबवलं. पण पोरांना एवढं तरी सांगून ठेवा की पब्लिक जमलं आणि जिवाची भीती वाटली तर पुढं जाऊन ११२ ला फोन करायचा, जवळच्या चौकीत जायचं, गप्प घरी जायचं नाही.

चाकण_डिस्पॅच
सगळ्यांचे आभार. उरणकर भाऊ, ड्रायव्हरचे कागद आजच बघतो, त्याचं नाव रजिस्टरला आहे, तेवढं बरं आहे. इन्शुरन्सवाल्याला कळवलंच नव्हतं कोणी.

सोळा चाकी काका, तो फोन मी पण करतो, खोटं कशाला बोलू, वरून प्रेशर असतं. रात्री बारा ते पाच थांबलेल्या गाडीला फोन करायचा नाही हे माझ्या हातात आहे, ते आजपासून. भत्त्याचं मालकाशी बोलावं लागेल. मी असं मांडणार आहे की ब्रेक, स्टेअरिंग, टायर या तीनच तक्रारींना गाडी थांबवायची आणि भत्ता चालू, मिस्त्रीनं बघून खरं निघालं तर त्याला नंबरातली पुढची खेप पहिली. खोटं निघालं तर पहिल्यांदा काही नाही. इस्लामपूरचे दादा, जत्रेच्या तक्रारी येतील मान्य, पण एक पलटी झालेली कास्टिंगची गाडी, क्रेन, माल, कंपनीचा डेबिट, हे सगळं धरलं तर किती जत्रा झाल्या असत्या हिशोब करा.

ॲव्हरेजचा कट मालक सोडेल असं वाटत नाही. मिस्त्रीभाऊ तुमचं ते गिअरमध्ये डिझेल बंद होतं हे त्यांना दाखवता येईल का कशात? ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानत नाहीत.

मिस्त्री_वाळूज
येईल ना. बऱ्याच नव्या गाड्यांत डिस्प्लेवर चालू ॲव्हरेज दिसतं, नाहीतर स्कॅनर लावून फ्युएलचा आकडा बघायचा. मालकाला शेजारी बसवा आणि कात्रजचा उतार गिअरमध्ये उतरा, स्कॅनरवर डिझेलचा आकडा शून्यावर जातो. रिकामी गाडी घ्या आणि पहाटे जा, ट्रॅफिकमध्ये प्रयोग नको.

गाडीमालक_इस्लामपूर
हे मला पण बघायचंय. त्या तीन तक्रारींचं ठीक वाटतं, पाच-सहा महिने चालवून इथंच सांगा काय झालं ते, चाललं तर मी पण करीन. फक्त क्लिनर परत ठेवायचं मला कोणी सांगू नका, पोरं मिळतच नाहीत आता.

सेफ्टीवाली
फॉर्म लिहायचा नसेल तर व्हॉइस नोट घ्या, मराठी हिंदी काहीही चालेल. आमच्या एका ट्रान्सपोर्टरनं केलंय, कागदापेक्षा कितीतरी जास्त येतात. शिव्या पण येतात, त्या वगळून ऐका. आणि गाड्यांवर रिफ्लेक्टर टेप नीट आहे का तेवढं या आठवड्यातच बघून घ्या, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. निम्म्या गाड्यांची मागची चिखलानं दिसत नाही, आणि बंद पडलेल्या गाडीला रात्री मागनं येऊन धडकतात ते याच कारणानं.