रात्रीच्या गर्दीतले लॉग गळतात: कंटेनर ते ओपनसर्चच्या वाटेत नेमके कुठे?

रामबागकर (इंदूर)

मंडळी, नमस्कार. इंदुरातल्या खाण्याच्या दुकानांसाठी ऑर्डर घेणारी सेवा आहे. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचे क्लाउड) मुंबई रीजनमध्ये ईकेएस, म्हणजे तिथले तयार क्यूबरनेटीज (कंटेनर चालवणारी यंत्रणा), तीन नोड (यंत्रे), प्रत्येकाची डिस्क २० जीबी. स्प्रिंग बूटच्या (जावातल्या) सेवा आपले लॉग, म्हणजे काय घडले त्याच्या ओळी, स्टँडर्ड आउटपुटवर लिहितात. दर नोडवर डेमनसेट म्हणून (प्रत्येक नोडवर एक प्रत) फ्लुएंट बिट हा लॉग गोळा करणारा प्रोग्राम आहे, तो ओपनसर्च या शोधता येणाऱ्या साठ्यात लॉग टाकतो.

दिवसा सगळे ठीक चालते. सराफा (इथला रात्रीचा खाऊ-बाजार) भरला की, म्हणजे साधारण नऊ ते बारा, ऑर्डर-सेवेचा एकेक पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) सेकंदाला सुमारे १ एमबी लॉग लिहितो आणि त्याच वेळच्या ओळी ओपनसर्चमध्ये सापडत नाहीत. ऑर्डर डेटाबेसमध्ये असते, लॉगमध्ये नसते. त्याच क्षणी क्यूबसीटीएल लॉग्स (पॉडचा लॉग थेट दाखवणारी आज्ञा) चालवले तर ओळ दिसते, मिनिटभरात तिथूनही जाते. उलट फ्लुएंट बिटचा पॉड रीस्टार्ट झाला की जुन्या ओळी दुबार येतात. जावाचा स्टॅक ट्रेसही (चूक कुठे झाली याचा अनेक ओळींचा माग) चाळीस तुकड्यांत येतो. फ्लुएंट बिटची मेम बफ लिमिट (मेमरीतल्या साठ्याची मर्यादा) ५ एमबी, रीड फ्रॉम हेड (फाइल पहिल्यापासून वाचणे) चालू, बाकी सेटिंग मूळचीच. सुरुवात कुठून करावी?

बिलावलीकाठ

सुरुवात ओपनसर्चपासून नको, नोडपासून करा. तुमच्या वर्णनावरून गळती तिथेच दिसते.

कंटेनरने लिहिलेली ओळ कंटेनरडी (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) नोडवर /व्हार/लॉग/पॉड्स मध्ये ठेवतो. ती फाइल फिरवायचे, म्हणजे भरलेली बाजूला ठेवून नवी सुरू करायचे, काम कुबलेटचे (नोडवरचा क्यूबरनेटीजचा कारभारी). मूळ सेटिंगमध्ये फाइल १० एमबीची झाली की फिरते आणि एका कंटेनरच्या जास्तीत जास्त ५ फाइली राहतात. सेकंदाला १ एमबी म्हटले की दर दहा सेकंदांनी फाइल बदलली. क्यूबसीटीएल लॉग्स फक्त चालू फाइल दाखवतो, म्हणून तुमची ओळ मिनिटभरात "जाते".

पाच फाइली आहेत म्हणजे पाचपट वेळ मिळतो, असे मात्र समजू नका. फ्लुएंट बिट /व्हार/लॉग/कंटेनर्स मधल्या .लॉग नावाच्या दुव्यांवर नजर ठेवतो आणि दुवा चालू फाइलकडेच असतो. फिरलेल्या फाइलच्या मागे तो रोटेट वेट एवढाच वेळ थांबतो, मूळ ५ सेकंद. आता मेम बफ लिमिट ५ एमबी. ओपनसर्च जरा मंदावले की ती पाच-सहा सेकंदांत भरते, टेल इनपुट (फ्लुएंट बिटचा फाइल वाचणारा भाग) वाचायचे थांबवतो, तेवढ्यात फाइल फिरते आणि मधला तुकडा कायमचा जातो. फ्लुएंट बिटच्या स्वतःच्या लॉगमध्ये "पॉज्ड, मेम बफ ओव्हरलिमिट" शोधा. त्याच्या वेळा आणि हरवलेल्या ऑर्डरच्या वेळा जुळल्या तर निदान झाले.

उपाय असा. फ्लुएंट बिटच्या सेटिंगमधल्या सर्व्हिस विभागात स्टोरेज पाथ द्या आणि तो होस्टपाथवर (कंटेनरच्या आत नव्हे, नोडच्या डिस्कवर) ठेवा. टेल इनपुटला स्टोरेज टाइप फाइलसिस्टम करा. मग मेम बफ लिमिट भरली तरी वाचन थांबत नाही, तुकडे डिस्कवर साठतात. आउटपुटचे रिट्राय लिमिटही बघा: काही दिले नसेल तर एकच पुनर्प्रयत्न होतो आणि तुकडा टाकून दिला जातो. नो लिमिट्स करा. कुबलेटची कंटेनर लॉग मॅक्स साइझ ५० एमबीवर न्या. नोड ग्रुपच्या लाँच टेम्प्लेटमधून (नवा नोड उठवण्याचा साचा) ती जाते, आणि जुने नोड बदलल्याशिवाय लागू होत नाही, हे विसरले जाते.

दुबार ओळींचे कारण सरळ आहे. टेल कुठवर वाचले याची नोंद डीबी फाइलमध्ये ठेवतो. तुम्ही डीबी दिलीच नसेल किंवा ती कंटेनरच्या आत असेल, तर रीस्टार्टला नोंद पुसली जाते आणि रीड फ्रॉम हेड चालू असल्यामुळे फाइल पहिल्यापासून वाचली जाते. डीबीसुद्धा होस्टपाथवर हवी. दुबार थांबवायला रीड फ्रॉम हेड बंद करू नका. तसे केले तर नवा नोड उठताना फ्लुएंट बिटच्या आधी सुरू झालेल्या पॉडच्या पहिल्या ओळी जातील.

रामबागकर

पॉज्डच्या ओळी सापडल्या. काल रात्री ९:४० पासून पुढे दोनशेच्या वर, वेळाही जुळतात. डीबी दिलेलीच नव्हती. आता डिस्कवर किती जागा धरावी? एका नोडवर सगळे पॉड मिळून सेकंदाला २ एमबी लिहितात.

बिलावलीकाठ

ओपनसर्च तासभर बंद पडले तरी निभावे, असा हिशेब धरा. २ × ३६०० म्हणजे ७.२ जीबी. पण डिस्कवर नुसती ओळ नसते, क्यूबरनेटीज फिल्टरने चिकटवलेली पॉडची नावे, लेबले, ॲनोटेशन्सही असतात. ॲनोटेशन्स बंद करा, लेबले राहू द्या. तरीही दीडपट धरावे लागते, म्हणजे ११ जीबीच्या आसपास. आउटपुटवर स्टोरेज टोटल लिमिट साइझ १२ जीबी ठेवा. ती भरली की सर्वांत जुने तुकडे टाकले जातात.

पण २० जीबीच्या डिस्कवर हे करू नका. कंटेनर इमेजही तिथेच आहेत, आणि मोकळी जागा १० टक्क्यांखाली गेली की कुबलेट पॉड हुसकावू लागतो. लॉग वाचवायला गेलो आणि ऑर्डरच बंद पडल्या, असे व्हायला नको. डिस्क ५० जीबी करा.

बदलानंतर सिद्ध करून घ्या. बिझीबॉक्सचा (लहानशी लिनक्स इमेज) एक पॉड लावा, प्रत्येक ओळीत क्रमांक आणि हजारेक अक्षरांची भर, अशा १ लाख ओळी, म्हणजे सुमारे १०० एमबी. मग ओपनसर्चमध्ये मोजा. सलग हजारो क्रमांक गायब असतील तर दोष फाइल फिरण्याचा किंवा टाकलेल्या तुकड्याचा. चाचणीच्या सगळ्या ओळी पोचल्या आणि खऱ्या ओळी तरीही तुरळक गळत असतील, तर दुसरीकडे बघावे लागेल.

छत्रीबाग_दक्षिण

ते "दुसरीकडे" बहुतेक वेळा ओपनसर्चचे मॅपिंग (कोणत्या रकान्यात आकडा, कोणत्यात शब्द, हे ठरवणारा आराखडा) असते. एका सेवेच्या जेसनमध्ये स्टेटस आकडा आणि दुसरीच्या शब्द, तर जो प्रकार आधी आला तो ठरतो आणि न जुळणारी नोंद नाकारली जाते. ती कितीही वेळा पाठवा, नाकारलीच जाईल. पॉडच्या लेबलांतही हाच फास आहे: एकाचे लेबल नुसते ॲप, दुसऱ्याचे ॲप.क्यूबरनेटीज.आयओ/नेम. टिंबामुळे ओपनसर्च दुसऱ्याला ॲपच्या पोटातली वस्तू समजते. रिप्लेस डॉट्स चालू करा. काही दिवस ट्रेस एरर चालू ठेवा, नकाराचे कारण शब्दशः कळते.

स्टॅक ट्रेससाठी: कंटेनरडी १६ केबीपेक्षा लांब ओळ तोडतो आणि तुकड्यांवर पी, शेवटच्यावर एफ अशी खूण करतो. टेल इनपुटमध्ये मल्टीलाइन पार्सर सीआरआय दिला की ते जोडले जातात. त्याच यादीत जावा लिहून भागत नाही, कारण ती यादी एकापाठोपाठ चालत नाही, त्यातला एकच पार्सर लागू होतो. जावासाठी वेगळा मल्टीलाइन फिल्टर लावा, त्यात "की कंटेंट" या सेटिंगला "लॉग" द्या, आणि तो क्यूबरनेटीज फिल्टरच्या आधी ठेवा. खरे तर लॉगबॅकमधूनच (जावाची लॉग लिहिणारी लायब्ररी) एका ओळीत जेसन लिहा, ट्रेस त्यातच जातो आणि हा सगळा खटाटोप वाचतो.

अजून एक. रीफ्रेश इंटरव्हल (नव्या फाइली किती वेळाने शोधायच्या) मूळ ६० सेकंद असतो. एखादा जॉब वीस सेकंदांत संपून त्याचा पॉडही लगेच पुसला जात असेल, तर फ्लुएंट बिटला त्याची फाइल दिसतही नाही. ५ करा.

नर्मदा_३२

साठवणीचे राहिले. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस, भारताच्या हद्दीत ठेवायचे आहेत. सगळे ओपनसर्चमध्ये ठेवलेत तर बिल झेपणार नाही. शोधायला १५ दिवस तिथे, आणि दुसरे आउटपुट मुंबईच्याच एस३ (ॲमेझॉनची फाइल-साठवण) बकेटमध्ये. लाइफसायकल नियमात (किती दिवसांनी पुसायचे) १८० पेक्षा थोडे जास्त दिवस द्या. एस३ साठी गेटवे एंडपॉइंट (तिथे जाणारी थेट वाट) लावा, त्याला पैसे पडत नाहीत. नाहीतर हा सगळा माल नॅट गेटवेतून जातो आणि तिथे दर जीबीला आकार लागतो.

ओपनसर्चच्या रोजच्या इंडेक्सच्या नावातली तारीख यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ) असते, आपल्याकडे ती पहाटे ५:३० ला बदलते. रात्री साडेबाराची सराफ्यातली ऑर्डर आदल्या तारखेच्या इंडेक्समध्ये शोधा, हरवलेल्यांत मोजू नका.

आणि ग्राहकांचे मोबाइल नंबर, ओटीपी लॉगमध्ये जात असतील तर ते सेवेच्या कोडमध्येच झाका. एकदा ओळ नोडच्या डिस्कवर, ओपनसर्चमध्ये आणि एस३ मध्ये गेली की तीन ठिकाणांहून पुसत बसावे लागते.

रामबागकर

डीबी, फाइलसिस्टम आणि रिट्राय आज टाकतो. ५० जीबीचे नोड रविवारी पहाटे बदलतो, तेव्हा गर्दी नसते. क्रमांकांच्या चाचणीचा आकडा इथेच लिहितो.