मदत हवी आहे: क्रँकच्या कामाला किती पैसे बाजूला ठेवू?

चौथागिअर: स्पोर्ट्स कारचं इंजिन पूर्ण खोललंय. पिस्टन, रिंगा, गॅस्केट सगळ्याचा हिशेब बसला होता. आता क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, एका बिग एंड जर्नलवर (कनेक्टिंग रॉड बसतो तो गोल भाग) रेघेत नख अडकतंय. ग्राइंडिंग करू की नवा क्रँक टाकू? उद्या ऑर्डर द्यायची आहे, लवकर सांगा.

मायक्रोमीटर: इंजिन कुठलं? जर्नल कितवं? माप काय? नख अडकलं यावरून काही ठरत नाही हो.

चौथागिअर: चार सिलिंडर, 2 लिटर टर्बो. तिसरं जर्नल. स्टँडर्ड 48 मिमी. एका बाजूने 47.97, काटकोनात 47.92. स्टँडर्ड बेअरिंगचा सेट आणून ठेवलाय.

जुनाहात: मी बारीक एमरीने हातानेच पॉलिश केलं होतं. गाडी अजून पळतेय.

मायक्रोमीटर: 0.05 लंबगोल झालंय ते. पॉलिशने रेघा जातात, गोलाई परत येत नाही. ग्राइंडिंग करून 0.25 मिमी अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारं जाड बेअरिंगच घालावं लागेल. आणलेल्या सेटचं पाकीट फोडू नका, परत होतंय का बघा. पण सगळ्यात आधी क्रॅक टेस्ट. क्रँकला चुंबकत्व देऊन चमकणारे कण सोडतात, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तडा रेघेसारखा उजळतो. तेलाच्या भोकाशी आणि जर्नलच्या कडेच्या गोलाईत नीट बघायला सांगा. तडा निघाला तर ग्राइंडिंगचा पैसा पाण्यात.

रिंगपिस्टन: एवढं कशाला? जुनं चालू इंजिन घ्या आणि बसवून टाका.

जुनाहात: घासायचंच तर फक्त तिसरं घासा.

मायक्रोमीटर: बेअरिंग सेटमध्ये येतात. एक जर्नल वेगळ्या मापाचं ठेवलं तर पुढे इंजिन खोलणारा फसतो. चारही एका मापाची करा. आणि क्रँक नायट्राइड केलेला, म्हणजे नायट्रोजनने वरचा थर कडक केलेला असेल तर ग्राइंडिंगमध्ये तो थर जाऊ शकतो. परत नायट्राइड करायचा खर्च धरलाय का?

पाचवीलॅप: अहो, पण तिसरंच का गेलं?

चौथागिअर: ट्रॅकवर लांब वळणात ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायचा. सरळ रस्त्यावर विझायचा, म्हणून लक्ष दिलं नाही.

पाचवीलॅप: हे आधी सांगायचं ना! वळणात तेल संपच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या, एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. संपमध्ये आडव्या पट्ट्या बसवून घ्या, नाहीतर नवं बेअरिंगही जाईल. पंप उघडून बघा. ऑइल कूलर शक्यतो बदलाच, त्यात अडकलेला धातूचा चुरा धुऊन नीट निघत नाही. हा खर्च क्रँकच्याच खात्यात धरा.

रिंगपिस्टन: तेल कुठल्या ग्रेडचं घालता?

चौथागिअर: ऑर्डर थांबवली. क्रँक उद्या टेस्टला देतोय. तडा नसेल तर ग्राइंडिंग, नायट्रायडिंग, बॅलन्सिंग, पंप, कूलर, संप असा हिशेब धरतो. टर्बो जुनाच ठेवतो.

मायक्रोमीटर: टर्बोचं बेअरिंगही त्याच तेलावर चालत होतं. शाफ्ट हलवून बघा. आणि मेन जर्नल, म्हणजे क्रँक इंजिन ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो ती, पाचही मोजलीत का?