शिव्हलरीला ‘स्त्रीदाक्षिण्य’ चालेल का?

टाकबोरू: बाराव्या शतकातल्या इंग्लंडवरची एक कादंबरी मराठीत आणतेय. एका टूर्नामेंटमध्ये नाइट (चिलखतातला घोडेस्वार योद्धा) घोड्यावरून पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला मारत नाही, उठू देतो. लेखक म्हणतो, ही शिव्हलरी, म्हणजे नाइटला शोभणारं वागणं. मी सवयीने ‘स्त्रीदाक्षिण्य’ लिहून मोकळी झाले. परत वाचलं तर अख्ख्या प्रसंगात बाई नाही! ‘टूर्नामेंट’चं तर विचारूच नका. खर्डा आईला वाचून दाखवला तर म्हणाली, "टेनिस बॉलची का?"

उंबरठा: ‘स्त्री’ काढा, नुसतं ‘दाक्षिण्य’ ठेवा.

खडाष्टक: आणि काव्यशास्त्रातल्या ‘दक्षिण’ नायकाचं काय? अनेक जणींशी सारख्याच प्रेमाने वागतो तो. तुमच्या नाइटला झेपेल का बघा. सरळ ‘क्षात्रधर्म’ लिहा.

जुनाबाजार: क्षात्रधर्म म्हटलं की कुरुक्षेत्रच दिसतं. मूळ शब्द घोड्यातून आलाय. फ्रेंचमध्ये घोडा ‘शव्हाल’, त्यावर बसणारा ‘शव्हालिए’. आपल्याकडे सरकारी घोड्यावरचा बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार. म्हणून शिव्हलरी म्हणजे शिलेदारी. विषय संपला.

खडाष्टक: कसला संपतोय! शिलेदारी ही चाकरी, शिव्हलरी म्हणजे वागण्याची रीत. शिवाय ‘नाइट’ हा शब्द घोड्यातून आलेला नाही, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोऱ्या, नोकर.

जुनाबाजार: रीत म्हणे! हरलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याला मिळायचं. विल्यम मार्शल नावाचा त्या काळचा गाजलेला नाइट त्यावरच वर आला. ११९४ मध्ये रिचर्ड राजाने इंग्लंडात टूर्नामेंटला परवाने दिले, त्यांचे दरही ठरलेले: अर्लला, म्हणजे बड्या सरदाराला, २० मार्क (तेव्हाचं पैशाचं माप), त्याखालच्या बॅरनला १०, जमीनवाल्या नाइटला ४, बिनजमिनीच्याला २. पडलेल्याला उठू दिलं कारण मेलेला माणूस खंडणी भरत नाही.

टाकबोरू: हे माझ्या लेखकाला सांगू नका, प्लीज.

उंबरठा: टूर्नामेंटला ‘बोथाटी’ का नको? घोड्यावरून भाल्याचा खेळ, टोकाला पात्याऐवजी गोळा. आमचे आजोबा काठीला फडकं गुंडाळून आम्हाला शिकवायचे. घोडा म्हणजे अर्थात धाकटा काका.

खडाष्टक: बोथाटी दोघांची. बाराव्या शतकातली टूर्नामेंट म्हणजे दोन टोळ्यांची रानोमाळ धुमश्चक्री, शेतं तुडवत. मधे आडवा कठडा घालून समोरासमोर भाले रोखणं ते कितीतरी नंतरचं. आणि बोथट भाल्यांचा नियमही तेव्हा कुठला? पोपने ११३० मध्ये बंदी घातली ती उगाच नाही.

उंबरठा: मग ‘रणखेळ’?

जुनाबाजार: हा शब्द कोणी ऐकलाय? त्यापेक्षा टूर्नामेंटच ठेवा. गावोगाव मांडवावर लिहिलेलं असतं.

खडाष्टक: म्हणूनच नको. पुढे ‘प्रथम पारितोषिक रोख’ आल्यासारखं वाटतं.

जुनाबाजार: वर काय सांगितलं मी? रोखच तर होतं!

उंबरठा: बोथाटी ‘बोथट’वरूनच ना? की उलट?

खडाष्टक: उलट कसं असेल?

टाकबोरू: मंडळी, शिव्हलरी राहिलीच. सोमवारी प्रकरण द्यायचंय. सध्या ‘दिलदारी’ लिहिते.

जुनाबाजार: दिलदारी फारसी आहे.

उंबरठा: आणि शिलेदारी कुठली?