पणजोबांच्या ४१ तबकड्या आणि एक वही: यावर प्रबंध उभा राहील का?

सावनी_मिरज

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मराठी संगीत रंगभूमीवर पीएचडी करते आहे, दुसरं वर्ष सुरू आहे. विषय मंजूर होताना 'नाट्यपदांचे स्वरूप' असा काहीसा ढोबळ ठरला होता. दिवाळीत मिरजेच्या घरी माळा साफ करताना पणजोबांची लाकडी पेटी सापडली आणि तेव्हापासून माझं डोकं त्या पेटीतच अडकलंय.

पेटीत ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे) ४१ तबकड्या आहेत. दोन तडकलेल्या, एक दुभंगलेली, बाकी धड दिसतात. नाट्यपदं जास्त, थोड्या लावण्या, थोडं भजन. सोबत एक जाड पुठ्ठ्याची वही. पणजोबा रेल्वेत होते, त्यामुळे असेल, पण नोंदीची शिस्त जबरदस्त. वही १९२२ ते १९३६ पर्यंतची आहे. कुठली तबकडी कधी आणली, कधी लावली, ऐकायला कोण कोण होतं, सगळं लिहिलेलं. एक नोंद जशीच्या तशी देते:

'रविवार. सायंकाळी नवी तबकडी लावली. ओसरीवर सात माणसे. बायका माजघरात. सौ.ने पुन्हा लावावयास सांगितली.'

ही 'पुन्हा लावावयास सांगितलेली' तबकडी एका गाणाऱ्या बाईंची आहे. त्या घरात पणजीनं ओसरीवर निरोप पाठवून गाणं पुन्हा मागितलं, हे वाचून मी माळ्यावरच किती तरी वेळ बसून राहिले.

मार्गदर्शकांना दाखवलं. ते म्हणाले, 'छान आहे, पण हा संग्राहकांचा छंद झाला. तू संहितांवर लक्ष दे.' त्यांचा मान राखून सांगते, मला हे पटलेलं नाही. पण त्यांना उत्तर देण्याइतकी माझी तयारीही नाही. म्हणून विचारते:

या तबकड्या कधीच्या ते कसं ठरवायचं? त्यांवरचं गाणं ऐकून 'रंगभूमीवर असं गायलं जायचं' असं लिहिता येईल का? आणि वहीचं काय करू?

---

जुना भोंगा

सावनीताई, आधी हात जोडून एक विनंती. तबकड्यांना स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर असलं काही लावू नका. या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. १९९१ साली मी स्वतः हा अपराध केलाय. जुन्या बाजारातून आणलेली एक तबकडी कापसानं पुसायला घेतली. कापूस काळा व्हायला लागला. मळ निघतोय असं समजून मी आणखी जोर लावला. निघत होती ती लाख. चरा पांढऱ्या पडल्या आणि त्या बाजूचं गाणं कायमचं गेलं. त्या गाण्याची दुसरी प्रत मला आजतागायत मिळालेली नाही. डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, बस. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आणि एलपीच्या सुईनं वाजवू नका, ७८च्या चरेला जाड टोकाची सुई लागते.

आता काळ कसा ठरवायचा ते. सगळे लेबल वाचतात. तुम्ही लेबलच्या कडेची मोकळी पट्टी वाचा. टॉर्च आडवा धरा, तबकडी हळूहळू फिरवा, कोरलेले बारीक आकडे दिसतील. लेबलवर छापलेला क्रमांक विक्रीचा. एकच गाणं पुढे नव्या क्रमांकानं, नव्या लेबलाखाली पुन्हा बाजारात यायचं. लाखेत उमटलेला क्रमांक मात्र त्या बैठकीचा, त्या एका गाण्याचा. ग्रामोफोन कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर त्या आकड्याशेजारी एखादं अक्षर असतं, ते ध्वनिमुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाची खूण. असे क्रमांक ओळीनं लावले की कुठला तंत्रज्ञ कुठल्या दौऱ्यात कुणाकुणाला गाववून गेला, याची साखळी दिसू लागते. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकानं अशाच क्रमांकांवरून ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या १८९९ ते १९०८ या काळातल्या ध्वनिमुद्रणांची सूची रचली, ती १९९४ साली पुस्तकरूपानं आली. याला छंद म्हणायचं असेल तर शिलालेख वाचणंही छंदच म्हणावं लागेल.

थोडी पार्श्वभूमी. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करत होता, गायिका गौहर जानचं गाणं त्यानंच पहिल्यांदा मुद्रित केलं. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून इकडे यायच्या. कलकत्त्यात कारखाना निघाला १९०८ साली. गाण्याच्या शेवटी बाई स्वतःचं नाव पुकारतात ते तुम्ही ऐकलं असेल. परदेशातल्या कारागिरांना लेबल लावताना घोटाळा होऊ नये म्हणून ही सोय, असं सांगतात. एका बाजूलाच गाणं आणि मागची बाजू कोरी, किंवा मागे देवदूताची आकृती उमटवलेली, अशी तबकडी पेटीत निघाली तर ती फार जुनी समजा आणि तिला वेगळी ठेवा.

तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि त्याचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. तबकडी म्हणजे रंगभूमी नव्हे.

१९२५च्या आसपास मायक्रोफोन येईपर्यंत गायक एका कर्ण्यात तोंड घालून गात असे. तार षड्ज लागला की मान मागे घ्यायची, खर्जात उतरताना पुढे यायचं, नाहीतर ज्या मेणावर चर कोरली जायची त्यावर काटा उडायचा. तबला तर नीट उमटतच नसे. आवाज पातळ आणि टोकदार ऐकू येतो त्यात गळ्याइतकाच त्या कर्ण्याचा हात आहे. आणि वेळ? दहा इंची तबकडीला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. बालगंधर्वांचं एकेक पद वन्समोर घेत घेत किती रंगायचं हे घरोघरी ऐकलेलं असतं, नाटक संपेपर्यंत पहाट व्हायची. तेच पद तबकडीवर येतं तेव्हा आलाप कापलेला, अंतरा घाईत, ताना मोजक्या. म्हणून 'रंगभूमीवर असं गात' असं लिहू नका. 'तीन मिनिटांत बसवायची वेळ आली तेव्हा गायकानं काय ठेवलं आणि काय सोडलं' असं लिहा. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभा इथे आहे. गायकाला स्वतःला त्या पदात काय महत्त्वाचं वाटत होतं, ते या काटछाटीत दिसतं.

गतीचंही भान ठेवा. सगळ्या तबकड्या खऱ्याच ७८च्या नसतात. सुरुवातीच्या कित्येक ७०-७५च्या घरात मुद्रित झाल्या आहेत. गतीत सहा टक्के फरक पडला की स्वर जवळजवळ अर्ध्या स्वरानं सरकतो. 'अमक्यांची पट्टी (गाण्याचा मूळ सा) काळी चार होती' असं तबकडी लावून लिहिणारे मी पाहिलेत. गती कशी ठरवली हे न सांगता असं विधान करू नये.

आणि पेटीत काय नाही, तेही लिहा. भास्करबुवा बखले, ज्यांनी 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या, १९२२ साली गेले, त्यांचं ध्वनिमुद्रण नाही. थोर गवई अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, त्यांचंही नाही. या दोघांना वगळून त्या काळाचा इतिहास लिहिता येत नाही. उलट अब्दुल करीम खाँसाहेब, तुमच्या मिरजेचे, त्यांनी ख्याल-ठुमरीबरोबर 'मानापमान'मधली पदंही तबकडीवर गायली. मैफलीतला गवई नाटकातलं पद का गातो? कारण घरोघरी ते पद हवं होतं. अशोक दा. रानड्यांचं रंगसंगीतावरचं काम जरूर वाचा, मार्गदर्शकांना दाखवायलाही उपयोगी पडेल. मुंबईत १९९० पासून जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची संस्था आहे, तिचं नियतकालिकही निघायचं. नृवंशसंगीताचं (लोकसमूहांच्या संगीताच्या अभ्यासाचं) अभिलेखागार १९८२ साली सुरू झालं, आता ते गुरगावला आहे. तिथे एक पत्र टाका.

वहीबद्दल मी गप्प बसतो. इथे माझ्याहून जाणते लोक आहेत. पण एवढंच सांगतो, तीस वर्षांत हजारो तबकड्या हाताखालून गेल्या, ऐकणाऱ्याची वही एकदाही नाही मिळाली.

---

माजघर

वहीवर मी बोलते. माझं काम स्त्रियांच्या इतिहासावर आहे, संगीतातलं मला फारसं कळत नाही. पण ती 'बायका माजघरात' नोंद वाचून राहवलं नाही.

त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला गाणारणीचं गाणं ऐकायची सोयच नव्हती. बैठकीला पुरुष जाणार. नाटकात स्त्रीपार्ट पुरुष करणार. म्हणजे बाईच्या गळ्यातलं कसलेलं गाणं घरातल्या बायकांच्या कानावर पडणं दुर्मीळ. फोनो (ग्रामोफोन) आला आणि ज्या बाईला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं तिचा आवाज थेट माजघरापर्यंत गेला. गायिका सुंदराबाई जाधवांचं उदाहरण घ्या. 'एकच प्याला'च्या पदांच्या चाली त्यांच्या, गायले बालगंधर्व, आणि बाईंच्या स्वतःच्या तबकड्याही खपत होत्या. पुढे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून, बसून, प्रतिष्ठेनं मैफली केल्या. त्याआधी ऐकणाऱ्यांचे, विशेषतः ऐकणारणींचे कान कुणी तयार केले? याचं उत्तर तुमच्या वहीत असू शकतं.

सावनी, एक काम कर. वहीतल्या प्रत्येक नोंदीत कोण ऐकतंय आणि कुठे बसून ऐकतंय, याचा वेगळा तक्ता कर. १९२२ला माजघरात बसलेल्या बायका १९३६ला कुठे बसल्यात? ओसरीवर आल्या का? तुझ्या मार्गदर्शकांना हा तक्ता दाखव. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर याच आठवड्यात जाऊन त्यांच्याशी बोल, रेकॉर्डरवर घे. पणजीचं नाव काय होतं? वहीत ती 'सौ.'च आहे. प्रबंधात तरी तिचं नाव येऊ दे.

---

कलम_चाळीस

थोडं रुक्ष, पण लागेल. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं, त्यामुळे तुमच्या १९३६ पर्यंतच्या तबकड्या मोकळ्या आहेत. शब्दांचा हक्क वेगळा, तो कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'मानापमान'चे नाटककार खाडिलकर १९४८ला गेले, त्यांचे शब्द खुले झाले. बाकीच्यांचं एकेक तपासून घ्या. वहीतला मजकूर घरचा आहे, तरी नातेवाइकांची लेखी परवानगी आत्ताच घेऊन ठेवा.

---

सावनी_मिरज

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. गेले चार दिवस रात्री टॉर्च घेऊन बसले होते.

जुना भोंगा काका, आकडे दिसले! सुरुवातीला काहीच दिसेना, मग कागदाची सुरळी करून उजेड आडवा पाडला तेव्हा एकदम उमटले. दोन तबकड्या मी वेगळ्या समजत होते, लेबलांचे रंग वेगळे, क्रमांक वेगळे. लाखेतला आकडा एकच निघाला. आणि वहीत पाहिलं तर पणजोबांनी दुसरीच्या नोंदीपुढे लिहिलंय, 'पहिलीच पुन्हा आली. फसलो.' त्यांनी ते कानानं ओळखलं होतं. एका बाजूचीही एक आहे, मागे कोरी. ती मऊ कापडात गुंडाळून ठेवलीय.

माजघर ताई, तक्ता सुरू केलाय. ओसरीवरची पहिली बाई १९३१ साली दिसते. ती पणजी नाही, पणजोबांची विधवा बहीण आहे. नोंद आहे, 'अक्का ओसरीवर येऊन बसली. कोणी काही बोलले नाही.' आजीला फोन केला. पणजीचं नाव द्वारका. अक्कांचं नाव आजीलाही आठवत नाही, सगळे अक्काच म्हणायचे. मोठ्या काकांना विचारून घेते.

वहीच्या शेवटी दहाबारा पानं उलटीकडून लिहिलेली आहेत, ती मोडीत आहेत, मला वाचता येत नाहीत. हिशेब असावा.

---

जुना भोंगा

उलटीकडून लिहिलंय म्हणजे हिशेबच. पानांचे फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मोडी मी वाचून देतो.

तुम्ही स्वतः त्यात एक शब्द शोधा: सुया. पोलादी सुई एका बाजूला एक वापरायची आणि टाकायची असा नियम होता. एका डबीत साधारण २०० सुया येत. काटकसरी घरांत तीच सुई पुन्हा पुन्हा चालवत, त्यामुळे आकडा धरून बसता येणार नाही. तरी कुठल्या वर्षी किती डब्या आल्या हे हिशेबात निघालं, तर नोंद न होता किती गाणं त्या घरात वाजलं, पणजोबा ड्यूटीवर असताना दुपारी फोनोला चावी कोण देत होतं, याचा काही माग लागेल.

---

सावनी_मिरज

काका, फोटो पाठवले. दुसऱ्या पानावर तोच एक शब्द सहा वेळा आलाय आणि प्रत्येकापुढे एकाच हातानं केलेली बारीकशी खूण आहे. ती खूण पणजोबांच्या अक्षराची वाटत नाही.