प्रति: जोडीची टी-चाचणी आणि मापांची जुळणी
मुतखड्याचं माप सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन दोन्हींनी घेतलं, आणि जोडीच्या टी-चाचणीत (एकाच पेशंटच्या दोन मापांची तुलना करणारी चाचणी) पी, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या वर आला, की दोन्ही मापं जुळली, असं आधीच्या पोस्टमध्ये म्हटलंय. हे मला अजिबात पटत नाही. ती चाचणी फक्त फरकांची सरासरी शून्यापासून लांब आहे का ते बघते. चार पेशंटमध्ये फरक +३, -३, +३, -३ मिमी आला तर सरासरी शून्यच, पण जुळलेलं माप एकही नाही!

जळगावला उन्हाळ्यात मुतखड्याच्या पेशंटची रीघ लागते. तिथे दोन्ही मापं असलेल्यांची यादी आम्ही केली होती. सहसंबंध (दोन मापं एकमेकांबरोबर किती वाढतात-घटतात ते) छान, टी-चाचणीतही पी ०.०५ च्या वर. मग ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८६ च्या लेखातल्या पद्धतीने प्रत्येकाचा फरक दोन मापांच्या सरासरीसमोर मांडला, तेव्हा कळलं: लहान खडे सोनोग्राफीत मोठे येत होते, मोठे जरा लहान, आणि सरासरीत दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या. ४ मिमीचा खडा ७ लिहिला गेला, तर आपोआप पडून जाणाऱ्या खड्याच्या शस्त्रक्रियेसाठी माणूस घरातला कापूस विकायला काढतो. आणि रिग्रेशन (दोन मापांचं नातं दाखवणारी सरळ रेषा) लावायचंच तर डेमिंग लावा, ती दोन्ही मापांत चूक असू शकते हे धरते. साधी रिग्रेशन आडव्या अक्षावरचं माप बिनचूक धरते, त्यात चूक असली की रेषेचा उतार खऱ्यापेक्षा कमी येतो.